गणिमाची वही

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

या सुट्टीत एकही लढाई नुसत्या हाणामारीची होऊ द्यायची नाही, असं ठरवलंय. मे महिन्यात पडवीत खेळ रंगला खरा, पण प्रत्येक चकमक एकाच वळणाने गेली: वीस बाजूंचा फासा टाका, वार लागला का बघा, समोरच्याची ताकद वजा करा, फासा पुढच्याकडे सरकवा. ज्याचे आकडे भारी त्याची सरशी. म्हणून यंदाच्या कथेत आकडे मुद्दाम उलटे मांडलेत. खेळणारी पात्रं चार, खाडीतल्या कोटात शिबंदी साठ. उघड्यावर भिडले तर दुसऱ्या फेरीत चौघंही आडवे. कोटात डांबलेला जाणता खलाशी सोडवून आणायचा तर फसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

रात्री आईने विचारलं, "पट नाही, सोंगट्या नाहीत, मग खेळता काय?" सांगितलं: एकजण कथा चालवतो, त्याला डीएम म्हणायचं, तो मी. बाकीचे एकेक पात्र घेतात, ते काय करतं ते बोलून सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा टाकतात. "म्हणजे नमन-खेळ्यातली सोंगंच, फक्त बसून," आई म्हणाली.

पुतणी पुण्याला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं पात्र तांडेल. ठाण्याचा भाचा दहावीतला, तो हेर. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा गोलंदाज, आणि त्याची नववीतली बहीण वैद्य. खेळात आणि खेळाबाहेरही दिवाळीभर हीच नावं चालणार.

२८ ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस

अंगणात किल्ल्याचं काम सुरू झालं. चिऱ्याचे तुकडे, गोणपाट, आगरातली माती. यंदा रायगड नाही की प्रतापगड नाही, खेळातलाच कोट बांधतायत: तीन बाजूंनी पाणी, चौथीला खंदक. उद्यापासून हाच आमचा पट.

मला वेगळीच चिंता. फसवणुकीची चाल टेबलावर नेहमी एकाच जागी अडते. मुलं बेत रचतात तो माझ्यासमोर, आणि गणीम मीच असतो. कोटाचा हवालदार, तटावरचे पहारेकरी, झडती घेणारा शिपाई, सगळ्यांच्या वतीने मी बोलतो आणि मला सगळं आधीच ऐकू आलेलं असतं. ज्याला बेत ठाऊक आहे त्याला फसवायचं कसं? डीएम मायाळू असला तर पोरकट बेतही चालून जातो, खडूस असला तर उत्तम बेतालाही "पहारेकऱ्याला संशय आला" हे उत्तर तयार. दोन्हीकडे निकाल डीएमच्या लहरीवर.

प्रशियाच्या सैन्यात या अडचणीवर दोनशे वर्षांपूर्वीच उपाय निघाला होता. राइसवित्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली आपल्या वडिलांचा युद्धखेळ सुधारून नियम छापले. दोन्ही बाजू वेगळ्या बसत, हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाला देत, आणि त्या त्या बाजूला खरोखर जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच नकाशावर मांडे. पुढे १८७६ मध्ये वर्दी द्यू व्हेर्नुआने तक्ते आणि फासे बाजूला सारून सगळा निवाडा पंचाच्या अनुभवावर सोडला. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेस्लीने ‘ब्राउनश्टाइन’ खेळवताना खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी एकेक माणूस दिला. त्याच मंडळातला डेव्ह आर्नेसन आणि त्याच्या जोडीला गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं. या प्रवासात खेळाला माणसं मिळाली, पण वेगळ्या खोल्या गेल्या. सगळे एका टेबलाभोवती आले, आणि पंच होता तोच शत्रूही झाला.

खोल्या परत आणता येत नाहीत तोवर वही. कोटातल्या प्रत्येक महत्त्वाच्या माणसाबद्दल चार ओळी, मुलांचा बेत ऐकण्याआधी लिहायच्या: त्याला काय माहीत आहे, काय हवंय, कशाची भीती आहे, कोणावर विश्वास आहे. हवालदाराचं पान आज पुरं केलं. देशावरचा माणूस, घोडा कळतो, पाणी कळत नाही. गेल्या वर्षी हल्ला जमिनीकडून आला म्हणून निम्मी शिबंदी खंदकाकडे. हवंय धान्य, येणारं गलबत आलेलं नाही. भीती, की वरचा सरदार कोठाराची मोजदाद करायला येईल. विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर. तटावर एक भंडारी पहारेकरी आहे, समुद्र त्याला कळतो, पण हवालदार त्याचं ऐकत नाही.

वही आईकडे दिली. तिने ती फडताळात टाकून किल्ली कमरेला खोचली. आता मला मध्येच काही खोडता येणार नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी

पहिला डाव. खाडीच्या अलीकडची चौकी ओलांडायची होती. गोलंदाजाला दम निघेना. तो धावत सुटला आणि ओरडला, "पळा, मागून पाचशे माणूस येतंय!" फासा टाकला, एकोणीस. पहारेकऱ्याच्या पारखण्याच्या फाशावर जेमतेम अकरा. नियमाने थापेची बाजू जिंकली.

आईने वही उघडून चौकीदाराचं पान वाचलं: घाटातली वाट दरड कोसळून कालपासून बंद, हे त्याला ठाऊक आहे. मग पाचशे माणूस येणार कुठून? गोलंदाज उसळला, "काका, एकोणीस पडलेत!" पडलेत ना, वाया गेलेले नाहीत. चौकीदाराला एवढं पटलं की हा माणूस खरोखर घाबरलाय. त्याने त्याला हेर समजून तोडला नाही, बावचळलेला पळपुटा समजून पाणी पाजलं आणि आत चौकशीला पाठवलं. फासा सांगतो की सोंग कितपत वठलं. सोंग जे सांगतंय ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसतं की नाही, हे त्याच्या डोक्यात आधी काय आहे त्यावर. यावर अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी तांडेल म्हणाली, "म्हणजे आधी त्याच्या डोक्यात काय आहे ते शोधायचं." तेच हवं होतं.

तलवारीच्या हुलकावणीला मात्र वहीची गरज नाही. डावीकडे दाखवून उजवीकडे मारणं हा डोळ्याचा आणि हाताचा मामला, तिथे आकडे पुरतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत थाप विरुद्ध पारख असा फासा पडे, आणि फसलेल्याला चपळाईने वार चुकवण्याचा फायदा मिळत नसे. पाचव्या आवृत्तीत बॅटल मास्टर योद्धा आपल्या राखीव फाशांपैकी एक खर्चून हूल देतो आणि पुढच्या वाराला दोन फासे टाकून चांगला घेतो. हेराने आज तेच केलं, चौकीदाराचा जोडीदार पडला. मजा आली, पण लक्षात कोणाच्या राहिलं नाही. जेवताना सगळे बोलत होते ते दरडीबद्दल.

३० ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सगळ्यांना तवसाळला नेलं. हेदवीवरून पुढे गेलं की रस्ता खाडीवर उतरतो, पलीकडे जयगड. सकाळी आजही त्रयोदशीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे तेराचे पावणेदहा. फेरीबोट भरल्या पाण्यात निघाली. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. मुखाच्या दक्षिणेला जयगडचा तट, उत्तरेला तवसाळच्या अंगाला छोटा विजयगड. दोन्हीकडून पहारा असला तर मधून होडकंसुद्धा न दिसता जाणं कठीण.

जयगडच्या बुरुजावर मुलांना एकच काम दिलं: पलीकडच्या काठावर काय मोजता येतं ते सांगा. होड्या मोजता येतात, माणसं नाहीत. शिडाचा रंग कळतो, चेहरा नाही. धूर दिसतो, चूल कितीजणांची ते कळत नाही. हेर म्हणाला, "रात्री तर फक्त दिवे." मग कात्रजच्या घाटाची गोष्ट निघाली, बैलांच्या शिंगांना पोत बांधून मोगलांना भलतीकडे पळवल्याची. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी, पण तिच्यातला हिशोब चोख आहे: लांबून फक्त दिवेच दिसतात, म्हणून दिवेच पुरवायचे.

५ एप्रिल १६६३ च्या लाल महालाच्या छाप्याबद्दल मोगल इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवलंय ते मला जास्त मोलाचं वाटतं. वरातीच्या निमित्ताने परवाना काढून एक टोळी शहरात शिरली. दुसरीने आपल्यातल्याच काहींचे हात बांधून, हे पकडलेले शत्रू, असं दाखवत प्रवेश मिळवला. वेशीवरचा शिपाई दर महिन्याला वराती बघतो, छावणीत कैदी रोजचेच. जे दिसलं त्यात थांबवून विचारण्यासारखं काहीच नव्हतं. माझी मुलं अजून थक्क करणारे बेत रचतायत. पहारेकऱ्याला जांभई येईल असा बेत त्यांना सुचायला हवा.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान, तुळशीपाशी कारीट चिरडलं, मग गूळपोहे, दडपे पोहे, दुधातले पोहे. अकरापर्यंत कोणी हलेना. म्हणून सकाळी डाव नाही, गप्पा.

वैद्याने विचारलं, "सिद्दी जौहर एवढा मोठा सरदार, तो फसला कसा?" चांगला प्रश्न. मार्च १६६० पासून पन्हाळ्याला वेढा. राजापूरच्या इंग्रज वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेलेला. त्याची किंमत पुढच्या वर्षी राजापूरच्या वखारीने मोजली. म्हणजे वेढा ढिला नव्हता. मग किल्ल्यावरून शरणागतीचं बोलणं सुरू झालं. चार महिने चिखलात बसलेल्या फौजेला याहून गोड बातमी कुठली? जुलैच्या १२ तारखेच्या रात्री पावसात पालखी निघाली. दुसरी पालखी वेगळ्या वाटेने, तिच्यात महाराजांच्या वेषात शिवा काशीद. पाठलाग करणारे जे शोधत होते तेच त्यांना सापडलं, आणि ते थांबले. तेवढ्या वेळात खरी पालखी विशाळगडाच्या वाटेला लागली, आणि पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंना आणखी वेळ विकत घ्यावा लागला.

यातून खेळासाठी दोन नियम काढले. एक: मोठ्या थापेला आधी लहान, खऱ्या वाटणाऱ्या गोष्टींची पेरणी हवी, तीही वेगळ्या दिवशी. दोन: हुलकावणीत काहीतरी पणाला लागलेलं हवं. सापडला तर मरणारच असा एक माणूस त्या पालखीत बसला, म्हणून ती पालखी खरी वाटली. ज्या बेतात कोणाचंच काही जाणार नाही, त्याला शत्रूनेही फार किंमत का द्यावी? गोलंदाजाने हे वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला सांगितलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

पूजा आटोपून रात्री बसलो. आजचा डाव माझ्या आठवणीत राहील.

मुलांनी कालचा अख्खा दुपारचा वेळ खेळातल्या गावात चौकशा करण्यात घालवला होता: हवालदार कुठला, गलबत कधी यायचं होतं, तटावर कोण असतं. बेत वैद्याचा. खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर धान्याचं गलबत रुतलेलं दाखवायचं. हेराला अष्टमी चालणार होती, अर्धी रात्र काळोखी मिळते म्हणून. वैद्य इथलीच, ती म्हणाली, "अष्टमीला भांग असतो, पाणी फारसं मागे जात नाही. पट्टा उघडा पडायला अवस हवी." अवसेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला. उजाडताना कोटातून दिसेल ते कोरड्या वाळूवर कललेलं गलबत. माणसं चालत येतील. आणि पाणी परतताना पहिला तास रेंगाळतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला धावतं. आठ-नऊला परतीची वाट बुडालेली.

वैद्य व्यापारी झाली. गलबतावरून तिने हाका मारल्या, तांडेल तापाने फणफणलाय, माल काढायला मदत द्या. फासा टाकला, सात. सगळ्यांचे चेहरे पडले. भंडारी पहारेकऱ्याने अर्थातच ओळखलं: उधाणाच्या ओहोटीला, काळोखात, कुठला शहाणा या खाडीत शिरेल? तो हवालदाराकडे गेला. आईने फडताळ उघडलं आणि पान वाचलं. हवंय धान्य. भीती मोजदादीची. विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर. डोळ्यांना तर गोणी दिसतायत. हवालदाराने भंडाऱ्याला गप्प केलं आणि तीस माणसं वाळूवर धाडली.

मंगळवारी एकोणीसने जे झालं नाही ते आज सातने झालं. सात फुकटही गेले नाहीत: भंडाऱ्याने आपल्या अखत्यारीत पाण्याकडची दिंडी बंद करून टाकली, त्यामुळे चौघांना तटावर दोर टाकावा लागला आणि हेराचा पाय मुरगळला.

लढाई सुरू झाल्यावर नव्या नियमांची परीक्षा झाली. २०१४ च्या पुस्तकात बेसावध सापडलेल्याची पहिली पाळी अख्खी वाया जाई: ना हलणं, ना वार. सप्टेंबरमध्ये आलेल्या २०२४ च्या पुस्तकात त्याला फक्त पाळी ठरवण्याचा फासा दोनदा टाकून कमी तो घ्यावा लागतो. गोलंदाजाला जुना नियम हवा. मला नवा पटतो, कारण दचकण्याचा फायदा तेवढाच असतो. फसण्याचा फायदा आकड्यात देऊच नये. ज्याला खोटं खरं वाटतंय तो दचकत नाही, तो शांतपणे चुकीचं काम करत राहतो. तीस माणसं चार फेऱ्या गोण्या उतरवत होती. वरच्या गोण्यांत भात, खालच्यांत वाळू, हे कळेपर्यंत पाणी मांडीला लागलं होतं. त्या चार फेऱ्या हेच मुलांचं बक्षीस.

खलाशी सुटला. म्हणजे त्यांना तसं वाटतंय.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

आज फसवण्याची पाळी कोटाची. भंडाऱ्याने रात्रीच कैदी बदलला होता. भंडाऱ्याची चार ओळींची नोंद वहीत सोमवारपासून आहे. सुटून आलेला माणूस हवालदाराचा कारकून.

डीएमने खेळाडूंना फसवावं की नाही यावर माझं मत पक्कं आहे. माझ्या स्वतःच्या आवाजात मी सांगितलेलं सगळं खरं असतं. दार लाकडी आहे म्हटलं की लाकडीच. पात्राच्या तोंडून मात्र काहीही येऊ शकतं. आणि खोट्याला तीन तरी खुणा हव्यात, डोळ्यांसमोर ठेवलेल्या. कारकुनाच्या तळहाताला दोराचे घट्टे नव्हते, हे सांगितलं. कोणी मनावर घेतलं नाही. होडीत तो वाऱ्याकडे पाठ न करता तोंड करून थुंकला; हसले आणि सोडून दिलं. तिसरी खूण, त्याने चांदण्यांकडे न बघता वेळ विचारली. तांडेल ताडकन उठली, "हा खलाशी नाही!" मग मागच्या दोन्ही खुणा तिला एकदम आठवल्या. नुसतं "तो दगाबाज निघाला" असं मी सांगितलं असतं तर मुलं चिडली असती. शोधून काढलं म्हणून खूश.

दुबळ्यांनी असं युक्तीने लढण्याचं या खेळातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे टकरचे कोबोल्ड. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी त्यांच्यावर लिहिलं. कोबोल्ड म्हणजे एका फटक्यात मरणारी क्षुद्र जमात. पण टकर नावाच्या डीएमकडचे कोबोल्ड बोगद्यांतून, झरोक्यांतून, आग पेटवून लढायचे, आणि बलाढ्य खेळाडू त्यांच्यापासून पळ काढायचे. ताकद तीच, फक्त जागा आणि वेळ त्यांनी निवडलेली. उंबरखिंडीत १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाच्या फौजेने हेच अनुभवलं.

भाच्याला आता कोटात जायचंय, साथीदारांशी भांडल्याचं सोंग करून. त्याच्या डोक्यात कोंडाजी फर्जंद आहे. १६७३ मध्ये साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारा तो वीर पुढे संभाजीराजांच्या काळात असंच रुसव्याचं निमित्त करून जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला. दारूकोठार उडवायचा बेत होता. तो फुटला आणि कोंडाजी मारला गेला. शिवा काशीदला एका रात्रीचं सोंग निभवायचं होतं, कोंडाजीला रोजचं. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, ओळखी करायच्या. म्हणून भाच्याला सांगितलं: जा, पण दर दिवसाला एक फासा, आणि दर दिवशी हवा असलेला आकडा दोनने वाढणार. त्याने बोटांवर हिशोब केला आणि तीन दिवसांत काम उरकायचं ठरवलं.

त्याची आणखी एक मागणी होती: बाकीच्यांना न सांगता खरोखरच फितूर व्हायचं, चिठ्ठ्या फक्त मला. नाही म्हटलं. पात्रांनी पात्रांना फसवावं. आठवड्यापुरत्या भेटलेल्या भावंडांनी एकमेकांना नको. सगळ्यांना आधी मान्य असेल तर पुढे कधीतरी.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

ओवाळणी झाली, जेवणं झाली आणि शेवटचा डाव. हेर तिसऱ्या दिवशीच्या फाशावर तगला, खरा खलाशी बाहेर आला. पण खेळातल्या गावात परतल्यावर मुलांना बातमी मिळाली: कोटाने खऱ्या व्यापाऱ्यांच्या दोन गलबतांवर तोफा डागल्या. एकदा फसलेला हवालदार आता रुतलेल्या कुठल्याही गलबताला मदत करणार नाही. खाडीकाठच्या वाड्यांवर तांदूळ नाही.

तांडेल बराच वेळ बोलली नाही, मग वकिलासारखी बोलली. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारातलं ३७ वं कलम तिने मांडलं. खोटी हालचाल दाखवणं, आडोसा, बनावट तोफा, खोट्या बातम्या हे युद्धात चालतं. पण शरण आल्याचं, घायाळ असल्याचं किंवा लढाईशी संबंध नसलेला साधा नागरिक असल्याचं सोंग करून शत्रूला मारणं, जखमी करणं, पकडणं हा दगा. "आपण व्यापाऱ्याचं सोंग केलं आणि पाण्यात माणसं बुडवली. हे कलमात बसतं, काका."

गोलंदाज म्हणाला, मग पन्हाळ्याला शरणागतीचं बोलणं केलं ते? तिचं उत्तर तयार होतं: कलम मारण्या-पकडण्याबद्दल आहे, निसटण्याबद्दल नाही, आणि सतराव्या शतकाला विसाव्याचं कलम लावायचंही नसतं. मला तिच्या मुद्द्याची खेळातली बाजू महत्त्वाची वाटते. काही विश्वास एकट्या शत्रूचे नसतात, सगळ्यांचे मिळून असतात: व्यापाऱ्याला वाट द्यावी, पांढऱ्या निशाणावर गोळी चालवू नये. ते वापरून जिंकलं की पुढे खऱ्या माणसाला कोणी वाट देत नाही. युधिष्ठिराच्या एका अर्धसत्यावर द्रोणाने शस्त्र ठेवलं, कारण तोवर युधिष्ठिर कधी खोटं बोलला नव्हता. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्यानंतर खाली आला, तो कायमचा.

वहीत पाचवी ओळ वाढवली: यानंतर हा कोणावर विश्वास ठेवणार नाही? मुलांनी लुटीतला निम्मा भात वाड्यांवर वाटायचं ठरवलं, आणि तो पोचवणाऱ्या होडीला कोटाने कसं सोडावं यावरच रात्रीचे साडेबारा वाजले. शेवटी भंडाऱ्याशी बोलायला गेले, वेषांतर न करता, आपल्या नावाने. फासा टाकायला मीच सांगितला नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

विधानसभेचे अर्ज मागे घ्यायची आज मुदत, नाक्यावर सगळे त्याच डावपेचांत. एस.टी.ला वेळ होता तेवढ्यात मेचं ठरवून टाकलं.

वेगळ्या खोल्या. आरमाराचा खेळ: एका बाजूला कोट, दुसऱ्या बाजूला गुराबा आणि गलबतं. ओटीवर पंचाचा नकाशा, आणि पंच पुतणी. माजघरात मी एकटा, हवालदार. मुलं माडीवर. कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जाणार नाही. हुकूम चिठ्ठीवर लिहायचे. भरती-ओहोटी पंचांगाप्रमाणे, त्या दिवशी बाहेरच्या समुद्रात असेल तीच. मला फसवायचं तर या वेळी खरोखर फसवावं लागेल, आणि माझ्या पात्राच्या पाच ओळी पुतणी लिहिणार, मी नाही. वही तिने पिशवीत टाकलीसुद्धा.

चिठ्ठ्यांची ने-आण आई करणार. तिला जासुदाचं काम फार आवडलं. "वाटेत उघडून वाचली तर चालेल?" तिने विचारलं.

"जासूद फितूर होऊ शकतो, आजी," पुतणी म्हणाली. "पण किती पैशाला ते आधी वहीत लिहावं लागेल."